विंचू, औदुंबर, कावळा, गुढी: प्रतीकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कविता शिकताना, सणावाराला, निवडणुकीच्या दिवसांत आणि अधूनमधून घरातल्या भांडणातही प्रतीकांचा विषय निघतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच होतं.

प्रतीक म्हणजे नेमकं काय? पाठ करण्यासारखी एखादी व्याख्या सांगा.

व्याख्या हवीच असेल तर ही घ्या: जी वस्तू, प्राणी, कृती किंवा रंग स्वतःचं स्वतःपण न सोडता आणखी काही सांगू लागतो, ते प्रतीक. यातलं 'स्वतःपण न सोडता' एवढंच खरं महत्त्वाचं आहे आणि पाठांतरात नेमकं तेच गळतं.

नवी नवरी सासरी येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवतात आणि ती ते पायाने लवंडून आत येते. ते माप खरं असतं. तांदूळ खरे असतात आणि घरभर सांडतात. उंबरठाही रोज अडखळायला लावणारा लाकडाचा किंवा दगडाचाच असतो. तरीही त्या क्षणी सगळ्यांना कळतं की एक घर सुटलं आणि दुसऱ्या घराची भरभराट हिच्या पायगुणावर टाकण्यात आली. हे कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं तर त्याचं भाषण होतं.

चिन्ह, रूपक, प्रतिमा आणि प्रतीक यांत फरक काय? सगळं एकच वाटतं.

सीमारेषा धूसर आहेत, हे आधीच मान्य करू. चिन्हाचा अर्थ ठरवून दिलेला असतो. चौकातला लाल दिवा म्हणजे थांबा. त्यावर चर्चासत्र भरवता येत नाही. प्रतिमा म्हणजे शब्दांनी डोळ्यांपुढे, कानांत किंवा त्वचेवर उभी केलेली जाणीव. तिला दुसरा अर्थ असलाच पाहिजे असं नाही. रूपकात दोन गोष्टींची जोडी उघडपणे लावलेली असते, 'हे म्हणजे ते'. प्रतीकात जोडीतली एकच गोष्ट समोर असते आणि दुसरी आपल्याला जाणवते. ती किती आणि कशी जाणवेल, हे पूर्णपणे कुणाच्याच हातात नसतं, कवीच्यासुद्धा.

मग एकनाथांच्या भारुडातला विंचू रूपक की प्रतीक?

काटेकोर बोलायचं तर रूपक. 'विंचू चावला, वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला' असं म्हणून नाथांनी किल्ली पहिल्याच ओळीत हातात दिली आहे. पुढे उताराही सांगितला आहे: तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. अर्थ शोधायचं काम प्रेक्षकावर ठेवलेलंच नाही. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या वाळवंटात किंवा बाजारात जमलेल्या लोकांसाठी हे लिहिलं होतं. तिथे कोडी घालून चाललं नसतं.

पण एवढ्यावर सोडलं तर भारुडातली खरी गंमत निसटते. 'तम घाम अंगासी आला' ही ओळ बघा. घामच का? कोकणात आढळणारा लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळतो आणि त्याचे हातपाय गार पडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर अनेक वर्षं काम केलं आणि प्राझोसिन हे औषध वापरून रुग्ण वाचवले. त्यांनी नोंदवलेल्या लक्षणांत दरदरून सुटणारा घाम ठळक आहे. म्हणजे नाथांनी विंचू उगाच निवडलेला नाही. दंश, कळ, घाम, जिवाची तगमग आणि मग उतारा हा क्रम खऱ्या दंशाचा आणि खऱ्या मांत्रिकाचा आहे. राग आल्यावर माणसाचं काय होतं, ते त्या क्रमाने आपोआप सांगितलं जातं. आधी विंचू खरा असावा लागतो, मगच तो क्रोध होऊ शकतो.

या पानावरच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा येईल. अर्थाकडे धावण्याआधी वस्तूकडे नीट बघा.

'औदुंबर' कवितेतला औदुंबर कशाचं प्रतीक आहे? गाईडमध्ये एक दिलंय, सर दुसरं सांगतात.

दोघांचंही थोडं बरोबर असणार. बालकवींच्या या आठ ओळींवर मराठीत जितकं लिहिलं गेलं आहे तितकं आठशे ओळींच्या खंडकाव्यांच्या वाट्याला आलेलं नाही. कुणाला त्यात विरक्त योगी दिसतो, कुणाला पाण्यात पाय सोडून बसलेलं पोर, कुणाला उदासीनता, कुणाला खुद्द कवी. 'औदुंबर म्हणजे वैराग्य' असं एका गुणाचं उत्तर लिहिता येतं, पण त्यात कविता कुठेच नसते.

आता कविता बघू. सुरुवातीला निळासावळा झरा दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन बेटाबेटांतून वाहतो आहे. मग टेकडीकडचं चार घरांचं चिमुकलं गाव, त्यापुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी. त्या हिरव्यातून एक पांढरी पायवाट अडवीतिडवी निघते आणि काळ्या डोहाकडे जाते. नजर दुरून जवळ येते, उघड्यावरून खोलाकडे उतरते. रंगही तसेच सरकतात: हिरवा, पांढरा, काळा. सहा ओळींपर्यंत सगळं चाललेलं आहे. पाणी चाललंय, वाट चाललीय. सातव्या ओळीत झाकळून येतं आणि आठवीत कोणीतरी बसलेलं दिसतं: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.' सगळ्या चालीच्या शेवटी ही एक बैठक. कवितेचा परिणाम या हालचालीतून होतो. झाड एकटं उचलून प्रयोगशाळेत नेलं तर काही मिळत नाही.

आणखी एक. डोहावरचा काळिमा 'गोड' आहे. ज्यांना इथे मृत्यू दिसतो त्यांनी या गोडव्याचं काय करायचं ते सांगायला हवं. ज्यांना नुसतं रम्य निसर्गचित्र दिसतं त्यांनी त्या काळेपणाचं. दोन्हींना जागा देणारं वाचन जास्त भरवशाचं, असं माझं मत.

आणि झाड औदुंबरच का, वड का नाही? उंबर ओढ्याकाठी वाढतो. जिथे उंबर तिथे पाणी अशी जुनी समजूतच आहे. त्याची मुळं पाण्यात उतरलेली सहज दिसतात, म्हणून 'पाय टाकुनी' ही कल्पना बसल्या जागी खरी वाटते. त्याचं फूल दिसत नाही, कारण उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात. 'उंबराचं फूल' होणारा माणूस आपल्या बोलण्यात आहेच. शिवाय औदुंबर म्हटलं की मराठी मनात दत्त येतो, नरसोबाची वाडी येते. बालकवींनी दत्ताचं नावही काढलेलं नाही. तरी त्या झाडाभोवतीचं शांत सोवळं वातावरण त्यांना आयतं मिळालं. कवीला प्रतीक शून्यातून घडवावं लागत नाही. लोकांनी त्या वस्तूत आधीच बरंच साठवून ठेवलेलं असतं.

लेखकाने खरंच एवढा विचार केलेला असतो का? की मास्तर लोक उगाच अर्थ काढतात?

मास्तर लोक कधी कधी उगाच काढतात, यात शंका नाही. पण 'विचार केला होता का' हा प्रश्न तितका कामाचा नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत आणि म्हणत. घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या आणि त्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये आलं. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्यावर, आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर.' प्रतीकवादावरचं एक पानही न वाचता रचलेलं हे. 'जसा' असल्यामुळे व्याकरणाने ही उपमा आहे, पण ऐकणाऱ्या बाईच्या बोटांना तो तवा कायमचा चिकटतो. त्यानंतर तवा नुसता तवा राहत नाही.

विचार नव्हता असं नाही. तो हाताने केलेला होता. ज्या वस्तूशी माणसाचं रोजचं काम पडतं तिचे गुणदोष त्याला आतून ठाऊक असतात, आणि बोलताना तीच वस्तू पुढे येते. म्हणून 'कवीच्या मनात काय होतं' याऐवजी 'ओळींत काय आहे' हे विचारावं. ओळींत दाखवता आलं तर अर्थ टिकतो. नाही आलं तर तो मास्तरांचा.

सुगरणीचा खोपा खरं तर नर बांधतो. मग 'खोप्यामधी खोपा' चुकीची ठरते का?

हा प्रश्न पक्षीनिरीक्षण सुरू केलेल्या मुलांकडून हल्ली हमखास येतो, आणि प्रश्न चांगला आहे. सुगरण पक्ष्यांत खोपा विणायला नर सुरुवात करतो. अर्धवट झालेला खोपा माद्या तपासतात, पसंत पडला तर जोडी जमते आणि तो पूर्ण होतो. नापसंत खोपे तसेच लटकत राहतात. बाभळीवर दिसणारे ते टोपीसारखे अर्धे खोपे म्हणजे नकार मिळालेले प्रयत्न.

'देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला' ही ओळ त्यामुळे खोटी पडते का? जीवशास्त्राच्या पेपरात पडेल. कवितेत जी वस्तू येते ती लोकांनी पाहिलेली, नाव दिलेली, आपल्या घराशी जोडलेली असते. पक्ष्याचं नावच आपल्याकडे बाईच्या कसबावरून आलं. शेतात, घरात, चुलीशी दिवसभर गुंतलेल्या बाईने आपल्यासारखीच एक कष्टकरी झाडावर पाहिली. ते पाहणं खरं आहे.

मी वर 'आधी वस्तूकडे बघा' म्हटलं, ते इथे अडतं हे मला मान्य आहे. एवढंच म्हणेन की नराची गोष्ट कळल्यावर कविता मोडत नाही, तिच्यात एक खट्याळ कोपरा तयार होतो. त्या कष्टाचं श्रेय बाईला देणारी ही आपल्याकडची दुर्मीळ जागा असावी!

एकाच गोष्टीचे दोन उलट अर्थ कसे असू शकतात?

कावळ्यावरून बघा. ज्ञानेश्वरांच्या विराणीत 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे' असं म्हणत विरहिणी त्याचे पाय सोन्याने मढवायला निघते, कारण पंढरीराव पाहुणे येणार असल्याची खबर तो देतो आहे. आजही दारात कावळा ओरडला की कोणीतरी 'पाहुणा येणार बरं' म्हणतंच. तोच कावळा दहाव्याच्या दिवशी पिंडाला शिवावा म्हणून घरचे लोक नदीकाठी ताटकळतात. नाही शिवला तर गेलेल्याचं काय राहून गेलं याची कुजबुज सुरू होते, कोणीतरी पुढे होऊन 'मुलीचं लग्न आम्ही करू' असं मोठ्याने सांगतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात.

वरवर पाहता एक शुभ, एक अशुभ. पण दोन्हीकडे कावळा एकच काम करतो. जो इथे नाही त्याच्याकडून निरोप आणतो. येणारा असो की गेलेला, मधला दूत तोच. उलट अर्थ दिसले की असा सामाईक धागा सापडतो का ते पाहावं. दर वेळी सापडेलच असं नाही.

गुढी कशाचं प्रतीक आहे? दरवर्षी पाडव्याला वाद होतो.

होतो खरा. वेळूची काठी, रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी, वर पालथा घातलेला तांब्या किंवा गडू. रामाचं अयोध्येला परतणं, शालिवाहनाचा विजय, ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तो दिवस अशा कथा तिच्याशी जोडल्या जातात. गेल्या काही वर्षांत आणखी एक मांडणी पुढे आली. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला, फाल्गुन अमावास्येला झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्यावरून गुढीची प्रथा तिथूनच सुरू झाली, तिचा पालथा तांब्या त्या हत्येचा निदर्शक आहे, म्हणून गुढीऐवजी भगवा ध्वज लावावा, असं काही लोक म्हणतात.

प्रथा १६८९ नंतर सुरू झाली, हा भाग तपासता येतो आणि तो टिकत नाही. १२९० च्या ज्ञानेश्वरीत चौथ्या अध्यायात 'सज्जनांकरवीं गुढी, सुखाची उभवीं' असं आहे. चोखोबांचा 'टाळी वाजवावी, गुढी उभारावी, वाट हे चालावी पंढरीची' हा अभंग तर वारीत आजही दुमदुमतो. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात गुढी इतकी परिचित होती की कवी तिला सरळ आनंदाच्या, विजयाच्या अर्थाने वापरत होते. चोखोबांची गुढी तर पाडव्याचीही नाही. ती वाटेवरची आहे. ज्याला देवळात शिरू दिलं गेलं नाही त्या माणसाने उभारायला सांगितलेली ती गुढी आहे, हे लक्षात ठेवून अभंग पुन्हा म्हणून बघा.

पण इतिहास तपासून झाला तरी प्रतीकाचा प्रश्न संपत नाही. एखाद्या घराला त्या दिवशी संभाजी महाराजांची आठवण जास्त जवळची वाटली आणि त्यांनी भगवा लावला, तर त्यांच्यापुरता तो अर्थ खराच असतो. 'हा अर्थ मूळचा आहे' हा दावा पुराव्याने खोडता येतो. 'हा अर्थ आमचा आहे' या म्हणण्याला पुरावा लागत नाही. वादात या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि मग व्हॉट्सॲपवर रात्र निघते.

खरी वस्तू न मिळाल्यास प्रतीक चालतं का?

आरामात. दसऱ्याला आपण आपट्याची पानं 'सोनं' म्हणून वाटतो. बाजारात आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाची पानं मिळतात. दिसायला तशीच जोडपानं, फक्त मोठी. म्हणजे सोन्याच्या जागी आपटा, आपट्याच्या जागी कांचन. तरी घेणारा 'सोन्यासारखे राहा' म्हणतो आणि देणाराही खूश होतो. परदेशात कडुलिंब न मिळालेल्या घरांतही गुढी उभी राहतेच. झाडं ओरबाडण्यापेक्षा एकच पान द्यावं, हे मात्र मला पटतं.

प्रतीक नाकारता येतं का? कुंकू-मंगळसूत्राबद्दल विचारते आहे.

येतं. ते सोपं नसतं, कारण नाकारताना आपण वस्तू टाकत नाही, तिच्यामागचा करार टाकतो. सौभाग्याचं लेणं म्हणून जे आनंदाने घातलं जातं, तेच नवरा गेल्यावर चारचौघांत उतरवलं जातं. कपाळ पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. एका कृतीला मान आहे म्हणूनच दुसरीला अपमानाची धार येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. लक्षात घ्या, ठराव कुंकवाविरुद्ध नव्हता, कुंकू पुसण्याविरुद्ध होता. आता कोणी लावावं, कोणी लावू नये हे ज्या त्या बाईने ठरवावं. सासूबाईंनीही नाही आणि पुरोगामी जावयांनीही नाही.

एखादी साधी कृती प्रतीक कधी होते?

जेव्हा ती करायला बंदी असते. महाडचं चवदार तळं हे याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं, पण प्रत्यक्षात कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यायलं. त्या पाण्यात विशेष काही आहे म्हणून आम्ही गेलो नाही, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला गेलो, असं बाबासाहेबांनी पुढे डिसेंबरमधल्या परिषदेत स्पष्ट केलं.

विरोधकांनाही त्या ओंजळीचा अर्थ अचूक कळला होता. त्यांनी लोकांना मारहाण केली आणि नंतर तळ्यात पंचगव्याचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' केलं. प्रतीकाला प्रतीकानेच दिलेलं हे उत्तर. पाणी तेच राहिलं, रासायनिक फरक पडला असलाच तर तो शेणाने. पण तिथून सुरू झालेला कज्जा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल लागला. 'हे सगळं प्रतीकात्मकच आहे हो, याने काय होणार' असं कोणी हिणवलं की मला हे दहा वर्षं चाललेलं भांडण आठवतं.

१९२७ च्याच २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृती जाळली गेली. पुढे दलित कवितेत सूर्य, पाणी, गावकुस या शब्दांना जे वजन आलं त्यामागे असे खरे दिवस आहेत. त्या कवितेतला सूर्य पुष्कळदा बाबासाहेब असतो आणि तो कळायला टीप लागत नाही.

निवडणूक चिन्हं ही प्रतीकं असतात का?

सुरुवातीला निव्वळ खुणा होत्या. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी आणि तिच्यावर चित्र अशी सोय केली गेली. पण खूण हातात आली की माणसं तिच्यात अर्थ भरतातच. काँग्रेसची बैलजोडी शेतकऱ्याच्या दारातली होती, ती निवड निरागस नव्हती.

शिवसेनेचा धनुष्यबाण ऑक्टोबर २०२२ मध्ये गोठवला गेला, ठाकरे गटाला मशाल आणि शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. त्या दिवसांत लोक एखाद्या चित्रासाठी रडताना दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला आणि शाळेत घोकलेली केशवसुतांची १८९३ ची 'एक तुतारी द्या मज आणुनि' सगळीकडे ऐकू येऊ लागली. जुनं जाळून किंवा पुरून टाका असं सांगणारी ती कविता प्रचारात वाजताना केशवसुतांना काय वाटलं असतं कोण जाणे. मग लोकसभेच्या मतदानात पिपाणीसारखं दिसणारं दुसरं चिन्ह आडवं आलं. साताऱ्यात पिपाणीला पडलेली मतं विजयी उमेदवाराच्या आघाडीपेक्षा जास्त होती. भावना तुतारीशी कितीही जुळल्या असल्या तरी यंत्रावर ते शेवटी एक बारीकसं चित्र असतं.

मर्ढेकरांचे उंदीर कळत नाहीत. काय करावं?

न कळण्याला घाबरू नये. 'पिपात मेले ओल्या उंदिर' ही 'काही कविता' (१९४७) या संग्रहातली कविता आली तेव्हाही लोक चक्रावले होते. महायुद्धातला सामूहिक मृत्यू, शहरातलं कोंबलेलं जगणं, इच्छा नसताना जगणं आणि इच्छा नसताना मरणं, असे अर्थ लावले गेले आणि ते सगळे त्या पिपात मावतात. मला विचाराल तर पहिल्यांदा वाचताना किळस आली पाहिजे. गोदामातलं ओलं पिंप, मुरगळल्याशिवाय पडलेल्या माना. ती किळस अंगावर यायच्या आत 'आधुनिक मानवाची अगतिकता' असं लिहून मोकळं होणाऱ्याने कविता वाचलेली नाही.

कथा-नाटकात प्रतीक ओळखायचं कसं?

ते बहुतेक वेळा फर्निचरच्या वेषात असतं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मध्ये विदर्भातल्या देशपांड्यांच्या अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. कोणीतरी हौसेने घेतला, चालला नाही, हलवायला पैसे नाहीत. इतकं साधं कारण. पण नाटक पुढे सरकतं तसं त्या घराला नवं काही आणता येतं, वापरता मात्र येत नाही, हे त्या लोखंडातून जाणवत राहतं. वाक्यावाक्याला त्याचा अर्थ सांगितला असता तर प्रेक्षक कंटाळले असते.

एखादी वस्तू पुन्हा पुन्हा येते का, कथानकाला गरज नसताना लेखक तिच्यापाशी थांबतो का, ती मोडते, हरवते किंवा हातातून हातात जाते तेव्हा माणसांमधलं काही बदलतं का, एवढं बघितलं तरी पुरतं. आणि शंका आली तर ती वस्तू काढून टाकून गोष्ट सांगून पाहा. गोष्ट तशीच राहिली तर ते खरंच फर्निचर होतं.

स्वप्नात साप दिसला. कशाचं प्रतीक?

याचं उत्तर या पानावर नाही. अंगणात दिसला असेल तर सर्पमित्राला बोलवा.

परीक्षेत प्रतीकावर उत्तर कसं लिहावं?

'औदुंबर हे वैराग्याचे प्रतीक आहे' हे वाक्य लिहून पुढे वैराग्यावर निबंध लिहू नका. ओळीतला तपशील आधी, त्यातून काय जाणवतं ते नंतर. उदाहरणार्थ: 'सहा ओळींपर्यंत झरा आणि पायवाट चालत राहतात. शेवटच्या ओळीत मात्र झाड पाय टाकून बसलेले दिसते. या अचानक आलेल्या स्थिरतेमुळे औदुंबर आजूबाजूच्या जगात असूनही त्याच्यापासून अलिप्त वाटतो. काळिमा गोड असल्यामुळे ही अलिप्तता दुःखाची वाटत नाही.' चार वाक्यं आहेत आणि चारही कवितेवर बोट ठेवून दाखवता येतात. पाठ केलेला अर्थ आणि तुमचा अर्थ वेगळे निघाले, तर तुमचा लिहा. फक्त ओळ उद्धृत करायला विसरू नका, तपासणाऱ्यालाही संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचा असतो.